लकवा मेंदूला आणि सोनोग्राफी मानेची?

पत्र

डॉक्टरकाका, सादर नमस्कार.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय 71, रक्तदाब आणि साखर दोन्ही जुने. गेल्या गुरुवारी सकाळी पूजेला बसले असताना त्यांचा उजवा हात गळून पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वाट पाहिली, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. यात सहा तास गेले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, डाव्या बाजूचा छोटा भाग गेलाय, असं सांगितलं. आता पाय उचलतात, हाताची बोटं हलतात. शब्द मात्र दोन-तीनच येतात.

पाच दिवसांत चार सोनोग्राफ्या झाल्या. मानेची, हृदयाची, पायाची आणि काल रात्री दीड वाजता ओटीपोटाची. माझे दीर म्हणतात, लकवा मेंदूला आहे तर डोक्याची करा, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे बिल वाढवायचे धंदे आहेत. पुढच्या तपासणीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. मानेच्या रिपोर्टात डावीकडे 70 टक्क्यांहून जास्त अडथळा आहे आणि लवकर ऑपरेशन करा म्हणतात. घरात ठरतंय की नवरात्र-दिवाळी होऊ द्यावी, मग मुंबईला दाखवू. तपासणीच्या वेळी मी आत होते. पडद्यावर नानांच्या मानेत लाल आणि निळं असं दोन प्रकारचं रक्त दिसलं. निळं म्हणजे खराब रक्त का?

आणखी एक. याच्या आठ दिवस आधी नानांच्या उजव्या हातातून चहाची बशी निसटली होती. दहा मिनिटांत हात ठीक झाला. मीच म्हटलं, रात्री हातावर झोपला असाल. माझ्यामुळे हे झालं का?

एक सून, बडोदा

उत्तर

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या : दिवाळीपर्यंत थांबू नका, आणि राहिलेली तपासणी होऊ द्या. एवढ्यावर घरातले ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो. तुमच्या दिरांनाही वाचायला द्या. त्यांचा राग मला समजतो. वॉर्डात तीस वर्षं काढली, आणि हाच प्रश्न रोग्याच्या मुलांनी, भावांनी, जावयांनी मला किती वेळा विचारला याची गणती नाही. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याइतका वेळ आम्ही डॉक्टर काढत नाही, हा आमचा दोष.

दिरांनी म्हण चपखल वापरली, पण नानांच्या बाबतीत रोग खरोखरच पखालीत होता. लकव्याच्या दर पाच रोग्यांतल्या साधारण चौघांना मेंदूतली एखादी धमनी बंद पडल्यामुळे झटका येतो, पाचव्याला रक्तस्रावामुळे. बंद पडणाऱ्यांतही काहींच्या मेंदूतल्या बारीक नळ्या रक्तदाबाने आणि साखरेने जागच्या जागी बुजतात. पण पुष्कळांच्या मेंदूत अडकलेली गुठळी तिथली नसतेच. ती प्रवास करून आलेली असते. मानेतल्या धमनीच्या भिंतीवर साचलेल्या चरबीच्या थरातून एखादा कण सुटतो, किंवा हृदयाच्या कप्प्यात साकळलेलं रक्त निसटतं, आणि रक्ताबरोबर वर जाऊन बसतं. गुरुवारी जे व्हायचं ते झालं. आता डॉक्टर शोधताहेत ते एवढंच : ही गुठळी आली कुठून, आणि तिथे दुसरी तयार बसली आहे का.

दीर ‘डोक्याची करा’ म्हणतात, तर डोक्याची तपासणी आधीच झाली. तो सीटी स्कॅन. लकव्याच्या रोग्याला दवाखान्यात आणल्यावर पहिला निर्णय असतो, रक्तस्राव आहे की अडथळा. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट, आणि हा फरक मोठ्या माणसाच्या बाबतीत सोनोग्राफीने खात्रीने सांगता येत नाही. सोनोग्राफीच्या लहरी कवटीच्या हाडावर अडतात. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर, कवटी पातळ असते, तेवढ्या खिडकीतून 2 मेगाहर्ट्झच्या लहरी आत जातात आणि मेंदूतल्या मोठ्या धमन्यांचा वेग मोजता येतो. ही पद्धत 1982 मध्ये रून आस्लिड यांनी दाखवून दिली. पण शंभरातल्या दहा-पंधरा जणांची ती खिडकीही बंद असते, वयस्क बायकांमध्ये जास्त. विशिष्ट रोग्यांत ती फार कामाची आहे. मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या माणसाच्या धमन्या नंतरच्या दिवसांत आकसतात, त्यावर रोज नजर ठेवायला तिच्यासारखं साधन नाही. सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांत लकव्याचा धोका आधीच ओळखायलाही तीच वापरतात, आणि आपल्या पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. नानांना तिची गरज दिसत नाही. नानांचं उत्तर मानेत मिळालंय.

म्हणून मानेवरच जरा थांबतो.

जबड्याखाली, कंठमण्याच्या थोडं वर, बाजूला दोन बोटं ठेवलीत तर ठोका लागतो. दोन्ही बाजूंना एकदम दाबू मात्र नका, आणि नानांच्या मानेवर तर मुळीच नको. तीच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी. तिथे तिचे दोन फाटे होतात, एक चेहऱ्याकडे, एक मेंदूकडे. फाट्यापाशी प्रवाहाला वळण पडतं, आणि नेमका तिथे वर्षानुवर्षं थर चढतो. कातडीपासून इतक्या जवळ असल्यामुळे सोनोग्राफीला ती जागा सोपी. जेल लावायचं, प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) टेकवायचा, सुई नाही, किरणं नाहीत, वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

तुम्ही पाहिलेले लाल-निळे रंग मशीनने भरलेले असतात, ताई. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त एका रंगात, लांब जाणारं दुसऱ्या रंगात. साधारणपणे येणारं लाल, जाणारं निळं, आणि बटण दाबून हे उलटंही करता येतं. चांगल्या-वाईट रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. ही गंमत ज्याच्या नावावर आहे तो ख्रिश्चन डॉप्लर ऑस्ट्रियाचा, त्याने 1842 मध्ये प्राग शहरात ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल मांडलेला विचार हा. विश्वामित्री स्टेशनजवळ उभं राहून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐका. गाडी जवळ येताना आवाज चढा, पुढे गेली की एकदम उतरतो. गाडीच्या जागी रक्तपेशी आणि भोंग्याच्या जागी त्यांच्यावर आपटून परतणारी लहर धरा. आवाज किती चढला-उतरला त्यावरून मशीन रक्ताचा वेग काढतं. खोलीत जो ‘शू... शू...’ असा आवाज येत होता, तो तोच.

आता वेगावरून अडथळा कसा कळतो? बागेत पाणी घालताना नळीचं तोंड बोटाने दाबलंत की धार जोरात उडते. तसंच. रिपोर्टात ‘पीएसव्ही’ असं लिहून पुढे एक आकडा असेल. हृदयाच्या ठोक्याबरोबर त्या जागी रक्ताचा सर्वांत जास्त वेग, सेंटिमीटर दर सेकंदाला. मेंदूकडच्या फाट्यात हा साधारण 125 च्या आत असतो. 125 ते 230 मध्ये असेल तर 50 ते 69 टक्के अडथळा धरतात, 230 च्या वर गेला की 70 किंवा जास्त. नानांचा आकडा बघा. आणि त्यात एक खोच आहे, ती कुणी सांगत नाही : धमनी जवळजवळ पूर्ण बंद होत आली की धार क्षीण होते, वेग उलट कमी येतो. थरात चुना साचला असेल तर त्याची सावली पडून आतलं दिसत नाही. शिवाय प्रोब धरणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं. म्हणून ऑपरेशनचं ठरवण्याआधी डॉक्टर बहुधा मानेची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन, सांगतील. दिरांनी सही न केलेला कागद त्याचाच असावा असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर सही करा. एका सोनोग्राफीच्या भरवशावर माणसाची मान उघडू नये, यासाठीच ती तपासणी. तिच्यात रंगद्रव्याचं इंजेक्शन असतं आणि नानांना साखरेचा त्रास आहे, तेव्हा किडनीचा रिपोर्ट आधी बघितलाय ना, एवढं विचारा.

आता दिवाळीचं. इथे मी हात जोडून सांगतो.

ज्या बाजूच्या अडथळ्याने झटका आला, त्याच बाजूला पुढचा झटका येण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो, मग हळूहळू उतरतो. 1991 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की 70 ते 99 टक्के अडथळा असलेल्या आणि नुकतीच लक्षणं दिसलेल्या रोग्यांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरातल्या 26 जणांना दोन वर्षांत मेंदूच्या त्याच बाजूला लकवा झाला. ऑपरेशन केलेल्यांत तो 9 जणांना झाला. आजची औषधं त्या काळाहून चांगली आहेत, त्यामुळे आज हे आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण फरक आहे. मग 2004 मध्ये अशा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिलं गेलं की ऑपरेशन कधी केलं तर किती फायदा. लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत निर्णय झालेल्यांत दर 5 ऑपरेशनांमागे एका माणसाचा पुढच्या पाच वर्षांतला लकवा टळला. बारा आठवडे उलटल्यावर तोच एक टळायला 125 ऑपरेशनं लागत होती. तेच ऑपरेशन, तीच भूल, तोच धोका, आणि मिळकत इतकी कमी. गुरुवारपासून दोन आठवडे मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. दिवाळी त्याच्या खूप पलीकडे आहे.

लगेच म्हणजे आजच, असंही नाही. मेंदूचा मोठा भाग गेलेला असला तर घाईने रक्ताचा जोर वाढवल्यास तिथे रक्तस्राव होऊ शकतो, अशा रोग्याला थांबवतात. नानांचा भाग छोटा आहे, पाय-हात परत येताहेत, म्हणूनच त्यांचे डॉक्टर लवकर म्हणत असावेत. मी नानांना पाहिलेलं नाही. शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण पुढे ढकलण्याचं कारण वैद्यकीय असावं, गरबा आणि फराळ नसावं.

ऑपरेशनमध्ये काय करतात तेही घरात सांगा, म्हणजे भीती जरा कमी होईल. मानेवर चीर देऊन धमनी उघडतात, आतला थर साल सोलावी तसा काढतात, धमनी शिवून टाकतात. डोकं उघडत नाहीत. धोका आहेच, ऑपरेशनच्या वेळीच लकवा होण्याचा. म्हणून सर्जनना सरळ विचारा : तुम्ही अशी किती केली, आणि त्यांतल्या किती जणांना महिन्याभरात लकवा झाला किंवा दगावले? शंभरात सहाच्या आत असायला हवेत, हे जगभर मानलेलं प्रमाण आहे. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. कुणी धमनीत जाळी (स्टेंट) बसवायचं सुचवलं तर तेही विचारात घ्या, मात्र सत्तरीच्या पुढच्या माणसात सहसा जाळीपेक्षा ऑपरेशनला लकव्याचा धोका कमी असतो. मुंबईला दाखवायचंच असेल तर जरूर दाखवा, आज रिपोर्ट आणि सीटीची सीडी पाठवा, दोन दिवसांत मत घ्या. तोपर्यंत रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या एक वेळही चुकवू नका.

पैशांची गोष्ट दिरांच्या मनात आहे आणि ती असणारच. नाना 71 चे आहेत. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आयुष्मानच्या खिडकीवर जा, कार्ड काढा, आणि हे ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसतं का ते विचारा. भाऊजींना हे काम द्या. धावपळ करायला त्यांना काहीतरी हवं आहे, रागाला वाट मिळेल.

हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, थोडक्यात सांगतो. मानेत सापडलं म्हणून हृदयात नसेल असं धरता येत नाही, नानांच्या वयात दोन्ही एकदम असू शकतं. जुन्या अटॅकने अशक्त झालेल्या भागात गुठळी आहे का, झडपा आकसल्या आहेत का, हे इकोत दिसतं. ठोक्यांची अनियमितता मात्र इकोत नव्हे, ईसीजीत पकडायची असते, आणि ती कधी येते, कधी जाते, म्हणून चोवीस तासांची पट्टी लावतात. ती सापडली तर औषधच बदलतं, म्हणून ही तपासणी वाया नाही. घशातून नळी घालून करायचा इको सांगितला तर ‘याने उपचारात काय बदल होईल?’ असं जरूर विचारा. नानांच्या बाबतीत बहुधा त्याची वेळ येणार नाही.

पायाची सोनोग्राफी मात्र मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिचं कारण आपल्या घरांतच आहे. लकव्याचा पाय पडून राहतो, पोटरीचा पंप बंद पडतो, शिरेत रक्त साकळतं. ही गुठळी सुटली तर मेंदूकडे नाही, फुप्फुसाकडे जाते, आणि माणूस बघता बघता जाऊ शकतो. तपासणी किती साधी आहे बघा. जांघेत प्रोब आडवा धरतात, पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात, एक धमनी, एक शीर. प्रोबने हलकं दाबलं की निरोगी शीर रिकाम्या पिशवीसारखी चपटी होते आणि धमनी गोलच राहते. शिरेत गुठळी असली की तीही चपटी होत नाही. बस्स. असं दाबत दाबत जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत येतात.

आता आपल्याकडे काय होतं? रोगी घरी आला की तिसऱ्या दिवशी तेल लावणारी बाई येते. पाय सुजलेला, जड, गरम, आणि ती तो पिंढरीपासून वर रगडते. आत गुठळी असेल तर हे म्हणजे आपणच तिला धक्का देणं. ताई, नानांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड दिसला, पोटरी दुखली, गरम लागली, तर मालीश बंद, डॉक्टरांना फोन, पुन्हा सोनोग्राफी. पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी चांगली आली म्हणजे महिनाभराची हमी मिळाली असं नाही. याच विषयावरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत सातव्या ते दहाव्या आणि पंचविसाव्या ते तिसाव्या दिवसाच्या सुमारास, अशी दोनदा पायांची सोनोग्राफी केली होती. त्यातून कळलं ते उपयोगाचं आहे : मांडीपर्यंतच्या घट्ट मोज्यांचा लकव्याच्या रोग्यांना फायदा झाला नाही, उलट कातडी सोलवटली. हवेने फुगून पायाला आळीपाळीने दाब देणाऱ्या पिशव्यांचा मात्र झाला, गुठळ्यांचं प्रमाण शंभरात 12.1 वरून 8.5 वर आलं. तेव्हा कुणी मोजे आणा म्हणालं तर पिशव्यांबद्दल विचारा. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नानांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने लवकर उठवून बसवणं.

रात्री दीडच्या ओटीपोटाच्या सोनोग्राफीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत. ती ज्या सिस्टरने करवून घेतली असेल, तिचे पाय धरावेसे वाटले.

मी नवशिका डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. एका दवाखान्यात वाचा गेलेले एक आजोबा रात्रभर तळमळत होते, चांगला पाय कॉटवर आपटत होते, सलाईन ओढत होते. मेंदूला मार लागलाय, भ्रम झालाय असं समजून मी झोपेचं इंजेक्शन लिहिलं आणि हात कॉटला बांधायला सांगितले. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी पोटावर नुसता हात ठेवला. मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेलं. नळी घातली तर 900 मिली लघवी निघाली आणि आजोबा शांत झोपले. रात्रभर ते मला हेच सांगत होते. त्यांचा बांधलेला हात मला अजून आठवतो.

लकव्यात लघवी अडणं अगदी नेहमीचं. पोटावर प्रोब ठेवला की आत किती साठलंय ते दोन मिनिटांत कळतं. साठलं नसेल तर नळी घालायची गरज नाही, आणि नळी टळली की जंतुसंसर्ग टळतो. रात्री दीड वाजता कुणी तरी नानांची तळमळ वेड समजून सोडून दिली नाही. हे बिल वाढवणं नव्हे.

तपासणीला खाली नेताना त्रास होतो तो खरा. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद करावी लागते, ते कुठे ठेवायचं यावरही बंधनं आहेत. दारावरची ती पाटी त्याचीच. काही दवाखान्यांत मशीन कॉटपाशी येतं, काहींत रोग्याला न्यावं लागतं. नेताना एक सांभाळा : कॉटवरून स्ट्रेचरवर घेताना नानांना उजव्या हाताला धरून ओढू देऊ नका. लुळ्या खांद्याला सांधा धरून ठेवण्याची ताकद नसते, तो निखळतो आणि पुढे सहा महिने दुखतो. तुम्ही स्वतः तो हात उचलून त्यांच्या पोटावर ठेवा, मग वॉर्डबॉयना उचलू द्या.

आता बशी.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ती दहा मिनिटं म्हणजे छोटा झटका होता, गुठळी आली आणि विरघळली. त्या दिवशी मानेची सोनोग्राफी झाली असती तर कदाचित गुरुवार टळला असता. पण तुमच्यामुळे हे झालं नाही. हात ठीक झाला म्हणजे संकट टळलं, असं कुणालाही वाटतं, आणि दहा मिनिटांत बरा होणारा हातही धोक्याचाच असतो हे आम्ही लोकांना पुरेसं सांगितलेलं नाही. थर नानांच्या धमनीत वीस वर्षं चढत होता.

मला विचारायचंय ते वेगळं : बशीची गोष्ट तुम्ही दवाखान्यात सांगितलीत का? पत्रावरून वाटतं, नाही. मनात दडवून ठेवलीत. उद्या सांगा. उजवा हात म्हणजे मेंदूची डावी बाजू, आणि अडथळा डाव्याच धमनीत. आठ दिवसांत दोनदा त्याच बाजूला लक्षणं आली, याचा अर्थ ती धमनी जागी आहे, कण सोडते आहे. ऑपरेशन करायचं की नाही, कधी करायचं, हे ठरवताना डॉक्टरांना याहून मोलाची माहिती दुसरी नाही, आणि ती फक्त तुमच्यापाशी आहे.

घरातल्या इतरांनी लगेच मानेची सोनोग्राफी करून घ्यायची गरज नाही. लक्षणं नसलेल्या माणसाची सरसकट तपासणी करून फायद्यापेक्षा घोळच जास्त होतो. तुमच्या यजमानांनी आणि भाऊजींनी रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी, तंबाखू असेल तर सोडावी. पुन्हा कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, मग ते पाच मिनिटांत थांबलं तरी, कुणाचीही वाट न पाहता 108 ला फोन, आणि सुरू झालेली वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. नानांच्या वेळी तेवढं हुकलं.

शेवटचं. ऑपरेशनबद्दल भाऊजींचं मत पत्रात आहे, घरच्यांचं आहे, तुमचं ओळींच्या मधून दिसतं. नानांचं कुठेच नाही. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नव्हे, मेंदूच्या डाव्या बाजूच्या लकव्यात पुष्कळदा माणसाला सगळं कळत असतं, फक्त शब्द सापडत नाहीत. मान ही त्यांची आहे. संध्याकाळी गर्दी नसताना त्यांच्या डाव्या बाजूला बसा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. घाई करू नका, एक एक प्रश्न मिनिटभर मुरू द्या. त्यांचा डावा हात शाबूत आहे. रिपोर्टातलं ते लाल-निळं चित्र त्या हातात द्या आणि अडथळा कुठे आहे ते बोटाने दाखवा.